हिरवीचा निळा धूर

बद्रुद्दीन मिस्त्रीने चहाची बशी तोंडाला लावली आणि तेवढ्यात रस्त्यावरच्या चार दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. श्रावणातलं लोणावळं, त्यामुळे धुकं इतकं दाट की समोरचा चिक्कीवाला जागेवर आहे की नाही हे हाक मारून ठरवावं लागत होतं. त्या धुक्यातून आधी एक वास आला. गोडूस, जड, घशात उतरून बसणारा. मग फटफट आवाज आला, आणि मग लांब नाकाची, दोन शिटांची एक हिरवी मोटार, मागे निळ्या धुराचं शेपूट ओढत, गॅरेजच्या दारात येऊन थांबली.

ती पुरती थांबायच्या आत रखमाजी तिच्यातून उडी मारून बाहेर आला. कामशेतला त्याची भाताची गिरणी होती. माणूस अंगापिंडाने दांडगा, पोत्यावर पोतं एकट्याने रचणारा. पण आत्ता त्याचा फेटा सुटून गळ्यात आला होता.

"मिस्तरी, पुन्यांदा आलं बगा! तळेगावास्नं येत हुतो, वडगावपातुर काय न्हाई. कान्ह्याचं फाटक वलांडलं आन आला वास! आन शेजारच्या शिटावर कुनीतरी बसल्यावानी वाटतंया. म्या तिकडं बगितलंच न्हाई."

"मग कळलं कसं, बसलंय म्हणून?"

"न बगता कळतं! बगायला लागतंय व्हय?"

बद्रुद्दीनने बशी खाली ठेवली. गेल्या दीड महिन्यात ही चौथी खेप होती.

आता ही हिरवी कोण, ते सांगायला हवं. खंडाळ्याच्या वाटेवर बरजोरबावा नावाच्या एका पारशी गृहस्थांचा बंगला होता. त्यांना बायको नव्हती, मुलं नव्हती. ही विलायती मोटार होती आणि ‘जनरल’ नावाचा एक कुत्रा होता. तरुणपणी बावा हिच्यातून शर्यती मारत. शर्यतीच्या मोटारीत डब्यातलं साधं तेल घालायचं नाही, एरंडेल घालायचं, असा त्या काळचा रिवाज होता आणि बावांनी तो सोळा वर्षं सोडला नाही. त्यामुळे हिरवी रस्त्याने गेली की मागे एरंडेल जळल्याचा वास राही. "बावा आत्ताच गेले वाटतं," असं लोक नाकानेच ओळखत. स्टेशनावर टांगा हाकणाऱ्या बद्रूच्या हातात पहिला पाना दिला तो याच बावांनी. बद्रुद्दीनला मिस्त्री कुणी केलं असेल तर ते बावांनी आणि हिरवीने.

माघात बावा वारले. बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. रखमाजी तिथे शिसवी पलंग घ्यायला गेला होता. पण बरोबर त्याची आई विठाबाई होती, आणि म्हातारीने मोटारीपाशी फतकल मारून हट्टच धरला. "रखमा, पलंग र्‍हाऊ दे. ही घे." घरात अकरा माणसं आणि मोटारीत जागा दोघांची. पण आईपुढे रखमाजीचं कधी चाललं नव्हतं, ते त्या दिवशीही चाललं नाही.

मोटार रखमाजीकडे गेली त्याच दिवशी बद्रुद्दीनने तिच्या पोटातलं एरंडेल थेंब न थेंब काढलं. दोनदा रॉकेलने इंजिन धुतलं आणि डब्यातलं साधं तेल भरलं, कारण ते सगळीकडे मिळतं आणि ही दोन तेलं एका पोटात नांदत नाहीत. ते काढताना त्याला रडू आलं होतं. घरात बायकोला, खुर्शीदाला, त्याने कांद्याचं कारण सांगितलं, आणि त्या दिवशी घरात कांदा नव्हता.

तेव्हा हिरवीच्या पोटात एरंडेल नव्हतं, ही गोष्ट जगात सर्वांत जास्त ठामपणे कुणाला ठाऊक असेल तर ती बद्रुद्दीनला. आणि तरी दर रविवारी तो वास येत होता.

"धूर तीनच रंगांचा असतो, शेठ," पहिल्या खेपेला त्याने रखमाजीला समजावलं होतं. "काळा आला तर पेट्रोल जास्त होतंय. पांढरा आला आणि हटेना, तर आत पाणी शिरतंय. निळा आला तर तेल जळतंय. भुतासाठी चौथा रंग कुठल्या कंपनीने काढलेला नाही."

"आन वास?"

"नाकाचा भास. बावांची मोटार म्हटली की वास आलाच पाहिजे असं तुमच्या डोक्याने धरलंय."

बोलायला तो बोलला, पण वास त्यालाही आला होता. तरी त्याने रीतसर तपासणी केली. खंडाळ्याच्या उतारावर पाय उचलून गाडी सोडली आणि खाली पोचल्यावर एकदम दाबली. तेव्हाच भपकारा आला असता तर दोष झडपांचा. तसं झालं नाही. मग चढावर नेली. चढभर धूर हटेना. "दट्ट्याच्या रिंगा गेल्या," त्याने निकाल दिला. मुंबईहून नव्या रिंगा मागवल्या, आठ दिवस खपून बसवल्या. पुढच्या रविवारी रखमाजी परत आला, तो आधीपेक्षा दुप्पट धूर घेऊन.

आता तिसऱ्या खेपेला जे झालं त्याने खरा घोटाळा केला. बद्रुद्दीनने तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेल जळतंय म्हणजे तेल कमी व्हायला हवं, हे टांगेवाल्यालाही कळतं. पट्टीवर त्याने स्वतः कानशीने खूण केली होती. तेल त्या खुणेच्या दोन बोटं वर होतं.

त्याने पट्टी पुसली, परत घातली, परत काढली. दोन बोटं वर. पेट्रोल झिरपलं असेल म्हणून थेंब कागदावर घेऊन हुंगला; पेट्रोलाचा वास नाही. पाणी असेल म्हणून उजेडात धरला, पाणी नाही. तळाचा नट सैल केला तेव्हा नासलेल्या दुधासारख्या गाठी बाहेर आल्या. डब्यातलं तेल आणि एरंडेल एकत्र आलं की अशाच गाठी होतात. त्याने नट घाईने परत आवळला.

"काय वो, मिस्तरी? गप का?"

"काही नाही. सर्दी झालीय," बद्रुद्दीन म्हणाला.

तर आता चौथी खेप. रखमाजी गॅरेजच्या उंबऱ्यावर बसून फेटा बांधत होता आणि हिरवी धुक्यात शांत उभी होती. एवढ्यात रस्त्यावरून काहीतरी धापा टाकत आलं. जनरल होता तो, बावांचा कुत्रा. बावा गेल्यापासून तो स्टेशनबाहेर चिक्कीच्या दुकानापुढे पडून असे. आंधळा झाला होता, कुणी हाक मारली तरी शेपूट हलवत नसे. तो धावत आला तो थेट मोटारीच्या डाव्या बाजूला. पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले, रिकाम्या शिटाकडे तोंड केलं आणि कुंई कुंई करत शेपूट हलवू लागला.

रखमाजीच्या हातातला फेटा अर्धाच राहिला.

"बास!" रखमाजी उठला. "गिरनीवर गिऱ्हाईक येईना झालंय माज्या. मी दिसलो की बाया पोरांस्नी घरात वडत्यात. आता लढाईसाटी लोखंड घेनारा एक भंगारवाला हाय पुन्यात. पंधरा दिस देतो तुमाला. त्येच्या पुडं सोमवारी त्याची लॉरी येतीया. धूर थांबला तर ठीक, न्हाईतर हिरवी भट्टीत!"

"शेठ, भट्टीत? बावांची गाडी?"

"बावांचीच हाय म्हून तर!"

बावांची तसबीर बद्रुद्दीनकडे नव्हती, चिठ्ठी-चपाटी नव्हती. माणूस म्हणून बावांचं जे काही मागे उरलं होतं ते एवढंच, दोन शिटांचं. "गाडी इथेच ठेवा," तो म्हणाला. "पंधरा दिवस माझ्या कुलपात राहील. मग बघू कोण येतं ते."

गॅरेज म्हणजे घरामागचीच शेड. दाराला भक्कम कुलूप. त्याने तेल बदललं, बरोबर खुणेवर आणलं आणि किल्ली कमरेला बांधली. शुक्रवारी तेल खुणेवर. शनिवारी सकाळी खंडाळ्याहून कुणाचा तरी ब्रेक तुटल्याचा निरोप आला म्हणून तो गेला आणि दुपारी परतला. कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं तर आत तो वास भरून राहिला होता. पट्टी काढली. तेल खुणेच्या एक बोट वर.

बद्रुद्दीन उलट्या पावलांनी बाहेर आला. कुलूप लावलं. मग कुलूप लावण्यात अर्थ काय, असं वाटून परत उघडलं, आणि उघडं ठेवायची भीती वाटली म्हणून परत लावलं.

घरात खुर्शीदा तांदूळ निवडत होती. याला विचारायचं तर होतं, पण आजवर भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची टर उडवत आलेला माणूस. सरळ विचारणार कसा?

"का गं, मागे गॅरेजात तुला... म्हणजे सावली-बिवली, तसलं काही दिसलं का?"

"सावली? या धुक्यात? सूर्य दिसून बारा दिवस झाले."

"तसं नाही. भूत-बीत."

"तोबा! भूत कशाला येईल मेलं आपल्याकडे? नाही बाई, भूत काही आलं नाही." आणि ती तांदूळ निवडू लागली. तांदूळ आंबेमोहोर होता, चांगला वासाचा. तो आला कुठून हे विचारायचं बद्रुद्दीनच्या डोक्यात आलं नाही, कारण त्याच्या डोक्यात एरंडेलाशिवाय काही शिरतच नव्हतं.

आठवडा त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. काम करता करता तो मध्येच मागे वळून बघायचा. एकदा हिरवीच्या शिटावर पाना ठेवताना तोंडातून "बावा, जरा सरा" असं निघून गेलं आणि स्वतःच्याच आवाजाने तो दचकला. पण सोमवार जवळ येत होता. शेवटी त्याने ठरवलं की येऊ दे काय यायचं ते, शनिवारी आपण आत बसायचं.

शनिवारी सकाळची नमाज आटोपून तो बाहेर पडला. "लोहाराकडे जातो," असं खुर्शीदाला मोठ्याने सांगितलं आणि वळसा घालून शेडच्या मागच्या खिडकीतून आत उतरला. बाहेरून कुलूप तसंच. नुसतं बसून चैन पडेना, म्हणून मोटारीखाली उताणा सरकून तो नळ्यांच्या सांध्यांना शेंदूर लावू लागला. शेंदूर आणि तेल कालवून सांध्याला थापलं की सांधा गळत नाही. सगळे मिस्त्री हेच करतात. उजाडलं होतं, पण खिडकीतून धुकं आत येत होतं आणि मोटारीखाली तर स्वतःचा हातही दिसेना.

तासाभराने कुलपात किल्ली फिरली.

बद्रुद्दीनचा हात जागीच थांबला. किल्ली तर त्याच्या कमरेला होती! दार करकरलं. पावलं वाजली नाहीत; अनवाणी कुणीतरी येत होतं. मग किणकिण झाली. बॉनेट वर उचललं गेलं. आणि त्याच्या डोक्यावर, बरोबर वीतभर वर, कुणीतरी हळूच म्हणालं, "घ्या बावा. पोटभर घ्या."

या अल्ला! बद्रुद्दीनचे केस ताठ उभे राहिले. वर गळगळ गळगळ सुरू झाली. पोट आधीच भरलेलं, त्यामुळे जास्तीचं तेल इंजिनाच्या श्वासनळीतून, वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, खाली आलं आणि धार थेट त्याच्या कपाळावर. कोमट, चिकट, गोडूस. त्याने घाबरून दोन्ही हातांनी तोंड पुसलं. हाताला शेंदूर होता, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात राहणार?

"कोण आहे?" त्याने सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली आणि मोटारीखालून बाहेर मुसंडी मारली.

समोर विठाबाई उभी होती. रखमाजीची आई. एका हातात बाटली, एका हातात पळी. तिने काय पाहिलं? शनिवारची सकाळ, आणि जमिनीतून वर आलेलं तेलाने माखलेलं लालभडक तोंड. पळी खणकन खाली पडली.

"मारुतराया!" म्हातारीने हात जोडले आणि गुडघ्यांवरच बसली. "चुकलं माकलं पदरात घ्या!"

"अहो मावशी, उठा, उठा! मी बद्रू! बद्रू मिस्त्री! पाया काय पडताय, पाप लागेल मला!"

"आमचेच आहेत हे, मावशी," दारातून खुर्शीदा म्हणाली. तिच्या हातात स्वयंपाकघरातली दुसरी किल्ली होती. मग नवऱ्याकडे बघून ती म्हणाली, "लोहाराकडे हे काय लावतात तोंडाला?"

बद्रुद्दीन मटकन डबड्यावर बसला. "तू? तूच दार उघडतेस? आणि मी त्या दिवशी विचारलं तेव्हा?"

"तुम्ही विचारलंत भूत आलं का. भूत नव्हतं आलं. मावशी आल्या होत्या, सकाळच्या आगगाडीने. तांदूळ घेऊन आल्या, गाडीला तेल घालून गेल्या. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय."

विठाबाईला धाप लागली होती. तिला पाणी दिलं, आणि मग तिच्याकडून सगळं उलगडलं. मुंबईहून येणारं एरंडेल दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. बावांनी ते मिस्त्रीला सांगितलंच नाही. कामशेतच्या बाजारात त्यांनी विठाबाईचं घरचं तेल पाहिलं. बैलगाडीच्या आसाला घालायला ती परसातल्या एरंडाचं तेल काढत असे. तेव्हापासून दर शनिवारी ती बाटली घेऊन बंगल्यावर जायची आणि बावा तिच्यासमोरच पितळी टोपण उघडून तेल ओतायचे.

"म्हनायचे, माई, मिस्तरीला सांगू नगंस, त्यो रागावंल. म्या म्हनलं, कशाला सांगू? आन दुखन्यात पडले तवा म्या बगायला गेलते. वळखलं मला. म्हनले, माई, शनवार चुकवू नगंस. दुसरं कायबी बोलले न्हाईत." तिने पदराने डोळे पुसले. "आता देवाला शनवारी त्याल घालतोच की न्हाई आपन? त्यो मानूस मराया टेकला तरी हिला इसरला न्हाई, आन म्या शब्द मोडू? म्हून घालते पळीभर."

"पळीभर? मावशी, इंजिन गळ्यापर्यंत भरलंय!"

"मग! आदी पळीच घालत हुते. पर रखमा म्हनाया लागला धूर येतूया, वास येतूया. म्या म्हनलं, बावांचं पोट भरंना वाटतं. म्हून दोन केल्या. तरी धूर वाडला. मग चार केल्या. आता तू कायतरी बदललंस म्हनं, तवा धा."

बद्रुद्दीनने कपाळावर हात मारला आणि तिथला शेंदूर आणखी पसरला. त्याने दुरुस्ती करावी, धूर वाढावा, धूर वाढला म्हणून म्हातारीने पळ्या वाढवाव्यात, आणि पळ्या वाढल्या म्हणून धूर आणखी वाढावा. या रहाटगाडग्यात त्याच्या नव्याकोऱ्या रिंगा गेल्या होत्या. तरी त्याला राग येईना. बावांनी शेवटच्या घडीला गाडीची आठवण काढली होती, आणि ती आठवण सांभाळायला एक म्हातारी दर शनिवारी आगगाडीने येत होती.

"बद्रू, रखमाला सांगू नगंस," विठाबाईने त्याचा हात धरला. "म्हनंल, म्हातारी खुळी झालीया, यंतरात त्याल वतीत फिरतीया. माजं घराभाईर पडनं बंद हुईल. बोल, न्हाई सांगनार?"

"नाही सांगणार, मावशी. जबान दिली."

जबान तर दिली. त्याला वाटलं, आता सोपंच आहे. सगळं तेल काढून टाकलं, इंजिन धुतलं, डब्यातलं नवं तेल भरलं आणि संध्याकाळी हिरवीला एकट्याने चढावर नेलं. धूर नाही! वास नाही! त्याने आनंदाने शीळ घातली. अर्धा चढ गेला आणि आतून आवाज सुरू झाला. टक. टक. टकटक. टकटकटक. पातळ तेल सोळा वर्षं झिजलेल्या पोटाला पुरेना. हिरवी तापली, खोकली आणि वळणावरच बसली. तिला ढकलत खाली आणताना बद्रुद्दीनला घाम फुटला.

रविवारी त्याने उलट केलं. विठाबाईने खुर्शीदाजवळ साठवून ठेवलेलं सगळं एरंडेल दोनदा गाळून भरलं. नुसतं एरंडेल, दुसऱ्या तेलाचा थेंब नाही. हिरवी एका झटक्यात सुरू झाली. टकटक नाही, खोकला नाही. चढ तिने असा घेतला की वरच्या वळणावर बद्रुद्दीन मोठ्याने हसला. मागे धूर होता, पण विरळ, निळसर. आणि वास. सबंध घाटात बावांचा वास.

म्हणजे आता बघा. डब्यातलं तेल घातलं तर गाडी चालत नाही, म्हणून भट्टीत. एरंडेल घातलं तर भुताचा वास, म्हणून भट्टीत. खरं सांगावं, तर म्हातारीला दिलेली जबान जाते. रविवारी तो जेवला नाही.

सोमवारी सकाळी भंगारवाल्याची लॉरी गॅरेजपुढे उभी राहिली. भंगारवाला दोर सोडत होता. रखमाजी वीस पावलं लांब, वडाच्या झाडाला चिकटून उभा होता.

"काय, मिस्तरी? थांबला धूर?"

बद्रुद्दीनने हिरवी सुरू केली. ती गोड आवाजात गुरगुरू लागली आणि निळा धूर धुक्यात मिसळला. वास पसरला. तेवढ्यात जनरल कुठूनसा धावत आला, या खेपेला थेट आत चढला आणि डाव्या शिटापुढे बसून वर तोंड करून शेपूट हलवू लागला.

"बगा! बगा!" रखमाजीने झाडाला मिठी मारली.

बद्रुद्दीनने टोपी काढली. आयुष्यभर तो भुतांना हसत आला होता. त्याने एकदा हिरवीकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"शेठ, तुमचं खरं निघालं. मी हरलो. बावा आहेत."

"मग लौकर घाला की लॉरीत!"

"घाला ना. गाडी भट्टीत जाईल, वितळेल. पण बावा काय लोखंडाचे आहेत वितळायला? सोळा वर्षं ज्या मोटारीत बसले ती गेल्यावर ते राहणार कुठे? मालकाच्या घरी. आणि मालक आता कोण होणार?" त्याने भंगारवाल्याकडे बोट केलं.

भंगारवाल्याने हातातले दोर पाहिले, मोटार पाहिली, रिकाम्या शिटाकडे तोंड करून बसलेला आंधळा कुत्रा पाहिला. "आपल्याला भोरला जायचंय, उशीर होतोय," तो म्हणाला. लॉरी एवढ्या घाईने निघाली की एक दोर तिथेच राहिला.

रखमाजी हळूहळू झाडापासून सुटला. "म्हंजे... ठिवली तर माज्या घरात न्हाई येनार?"

"गाडी सोडून कशाला येतील? उलट गाडी सांभाळतील, तुम्हाला सांभाळतील. फक्त दर शुक्रवारी संध्याकाळी ती इथे आणून लावायची, रविवारी न्यायची. तेलपाणी बावा स्वतः बघतात. कसं बघतात ते आपण विचारायचं नाही."

"न्हाई बा! म्या कशाला इचारतोय!"

अशी हिरवी वाचली. विठाबाई दर शनिवारी यायची, खुर्शीदा दार उघडायची आणि बद्रुद्दीन मुद्दाम लोहाराकडे जायचा. गंमत म्हणजे रखमाजीची भीती मोडली. भूत आहे असं एकदा मिस्त्रीच्या तोंडून पक्कं कळल्यावर तो निवांत झाला. शेजारच्या शिटाकडे बघून तो भाताचे भाव सांगू लागला, पावसापाण्याचं बोलू लागला. "बावा हायेत," असं तो गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगे. लांबलांबचे लोक गिरणीवर मोटार बघायला येऊ लागले, आणि येताना दळायला भात घेऊन येऊ लागले.

आश्विन लागला. एका गुरुवारी खुर्शीदा बहिणीकडे तळेगावला गेली. जाताना तिने किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. शुक्रवारी रखमाजीने गाडी आणून लावली आणि सांगितलं की आईचा गुडघा धरलाय, चार दिवस पलंगावरून उठली नाही. म्हणजे या शनिवारी पळी बद्रुद्दीनच्याच हाती. त्याने घरात ठेवलेली बाटली काढली, शेड उघडली, बॉनेट उचललं. आठवडाभर गाडी भरपूर फिरली होती; बोटभर तरी तेल गेलं असणार. त्याने पट्टी काढली.

तेल खुणेवर होतं. बरोबर खुणेवर, केसाइतकंही वर नाही, खाली नाही. पितळी टोपणावर एक ओला थेंब होता.

त्याने दोन्ही किल्ल्या पाहिल्या. दोन्ही त्याच्याच हातात होत्या. मागच्या खिडकीला त्याने महिन्यापूर्वी स्वतः गज बसवले होते.

रविवारी रखमाजी आला तेव्हा मिस्त्री बाहेरच्या पायरीवर बसला होता. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"शेठ, खरं सांगा. काल-परवा तुम्ही हिला तेल घातलंत?"

"म्या? मला टोपान कुटलं त्ये तरी ठावं हाय का?"

"मावशी?"

"आई? तिला न्हानीपातुर धरून न्यावं लागतंया. का वो?"

"तेल पुरेपूर आहे. मी घातलेलं नाही."

रखमाजी मोकळेपणाने हसला. त्याने मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. "आता गं बया! तुमीच सांगितलंत की, बावा सोता बगत्यात म्हून! मग बगितलं त्येंनी. त्यात काय एवडं?" तो चाकामागे जाऊन बसला, हिरवी सुरू केली आणि शेजारचं रिकामं शीट हाताने झटकलं. "चला, बसा. आईनं जेवाया बोलावलंय तुमाला कामशेतला. बावा, जरा सरकून घ्या, मिस्तरी येत्यात."

निळा धूर उन्हात वर चढला. तोच वास आला. केव्हाच शिटापुढे चढून बसलेल्या जनरलने तोंड वर केलं आणि शेपूट हलवलं.

"तुम्ही व्हा पुढे, शेठ," बद्रुद्दीन पायरीवरून न उठताच म्हणाला.

"आन तुमी?"

"मी? मी चालत येतो."

"धा मैल?"

"धा तर धा," बद्रुद्दीन म्हणाला, आणि त्याने शिटाकडे न बघता टोपी काढून हातात घेतली.